हक्काला छप्पर हवं

नागपूरजवळच्या कळमेश्वरच्या बसस्टँडवर उभ्या असलेल्या कुठल्याही माणसाला १९७९ पासून सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क आहे. आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारतानं त्या वर्षी १० एप्रिलला स्वीकारला. त्याच्या कलम १५ मध्ये हे लिहिलेलं आहे. बसस्टँडवरच्या माणसाला अजून कुणी कळवलेलं नाही एवढंच. करार न्यूयॉर्कला झाला होता, तिथून टपाल यायला वेळ लागतो.

करारावर देखरेख करणाऱ्या समितीनं २००९ मध्ये सरकारांची कर्तव्यं फोड करून सांगितली. स्वतः आड येऊ नका, दुसऱ्या कुणाला आडवं येऊ देऊ नका, आणि सोय करा. सोयींमध्ये ग्रंथालयं आणि नाट्यगृहं आहेत, तशा बागा, चौक, रस्ते अशा मोकळ्या जागाही आहेत. हे वाचून नागपूर-भंडाऱ्याकडचा एखादा शाहीर नक्की खूश होईल. त्याच्या खडी गंमतीला, म्हणजे तिकडच्या लोकनाट्याला, दुसरं लागतं तरी काय? ना रंगमंच, ना पडदा. शाहीर, ढोलकी, तुणतुणं, बाईचं सोंग घेतलेला नाच्या आणि भोवती गोल करून बसलेलं गाव. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रेचे, दिवस आले, की ही गंमत दिवसाही होते. पण तिचा खरा रंग चढतो जेवणं आटोपल्यावर, आणि उतरतो कोंबडं आरवल्यावर.

इथं सरकारचं घड्याळ मधे येतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद केले. २०१० च्या दुरुस्तीनं वाद्यंही त्याच यादीत टाकली. म्हणजे कर्णा नको म्हणून शाहिरानं नुसती ढोलकी काढली, तरी ती कायद्याच्या कानावर जातेच. आजाऱ्याला झोप हवी, दहावीच्या पोराला अभ्यास करायचा असतो, हे शाहिरालाही मान्य आहे. नियम झाला तो भिंती हादरवणाऱ्या आवाजासाठी. तुणतुण्यानं कुणाची खिडकी फुटल्याचं ऐकिवात नाही.

नियमाला दोन पळवाटा आहेत, आणि दोन्ही वाचनीय आहेत. पहिली अशी, की सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, तेही रात्री १२ पर्यंत, सूट देऊ शकतं. हे दिवस आधीच ठरतात. त्यात गावच्या मंडईची रात्र बसली तर बसली. बसली तरी शाहिराच्या वाट्याला येणार दोन तास, तेवढ्यात त्याचा नाच्या साडी नेसून तयार होतो. दुसरी पळवाट मोठी उदार आहे. सभागृहासारख्या बंद जागेत, आतल्या आत, रात्रभर वाजवा.

थोडक्यात, हक्काला छप्पर हवं. छप्पर नागपूरला आहे. सिव्हिल लाइन्समध्ये वसंतराव देशपांडे सभागृह आहे, रेशीमबागेत २०१७ पासून सुमारे दोन हजार खुर्च्यांचं सुरेश भट सभागृह आहे, आणि लोककलांच्या जतनासाठी १९८६ मध्ये स्थापन झालेलं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रही तिथंच आहे. कळमेश्वरपासून अंतर वीसेक किलोमीटर. संस्कृती रात्री आटोपल्यावर परत कसं यायचं, ते ज्यानं त्यानं पाहावं. राज्याचं सांस्कृतिक धोरण २०१० मध्ये आलं, २०२४ मध्ये नवं आलं. दोन्ही धोरणं दिवसाउजेडी वाचता येतात.

मोकळा चौक शाहिराला कधीच मिळत नाही, असंही म्हणता यायचं नाही. सरकारी योजनांच्या प्रचाराचं कलापथक म्हणून आला, तर भर दुपारी त्याच चौकात त्याचं स्वागत होतं. ढोलकी तीच, गळा तोच. फक्त गणगौळणीच्या जागी अर्ज करण्याची शेवटची तारीख.

आणि म्हातारपणी सरकार त्याला विसरत नाही. वृद्ध साहित्यिक-कलावंतांच्या मानधनाची योजना १९५४-५५ पासून चालू आहे. पूर्वी कलावंताची प्रत लावली जायची. कीर्ती देशभर असेल तर महिना ३,१५० रुपये, राज्यभर असेल तर २,७००, जिल्ह्यापुरती असेल तर २,२५०. २०२४ मध्ये योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव मिळालं, प्रती गेल्या आणि सरसकट ५,००० झाले. चांगलं झालं, हे उपरोधानं म्हटलेलं नाही.

अट मात्र अशी, की अर्जदाराचं वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या वर नको. शाहिराला हिशेब येतो, लावणीच्या मात्रा मोजून हात बसलेला असतो. ५,००० गुणिले १२, बरोबर ६०,०००. आता असा एखादा शाहीर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयाच्या खिडकीशी उभा राहिला आणि त्यानं विचारलं, ‘‘साहेब, मानधन सुरू झालं, की मी गरीब राहीन का जी?’’ तर खिडकीतला बाबू काय म्हणणार? ‘‘बाप्पा, ते मानधन उत्पन्नात धरतात का, हे वरून विचारून सांगतो. तवरोक तुमी कुटी कार्यक्रम करू नका, नाहीतर हजार-पाचशे जास्तीचे दिसतील.’’