औटकी डेन्मार्कात चालते

कोपनहेगन

तीर्थरूप आजोबांस,


इकडे सगळं खुशाल. थंडीचं रडगाणं आईच्या पत्रात आलंच असेल. हे पत्र खास तुम्हाला, कारण यातला मजकूर घरात दुसऱ्या कुणाला कळायचा नाही.

डॅनिश माणूस चाळीसपर्यंत शहाण्यासारखा मोजतो आणि पन्नासपाशी बिथरतो. पन्नासला इथे म्हणतात 'हाल्ट्रेस'. हे लाडाचं नाव. जुनं संपूर्ण नाव 'हाल्ट्रेसिन्स्ट्यूव', म्हणजे अर्धा-तिसरा वेळा वीस. दोन वीस पुरे आणि तिसरा अर्धा. भाषेच्या वर्गात बाईंनी हे फळ्यावर मांडलं, तेव्हा शेजारचा ब्राझीलचा मुलगा वही मिटून बसला. मी मात्र मनात म्हटलं, अहो, हे तर अडीच विसा!

आणि नुसता हिशेब जुळतो असं नाही. आपला 'अडीच' आला संस्कृतातल्या 'अर्धतृतीय'वरून, म्हणजे अर्धा तिसराच. साठ म्हणजे 'ट्रेस', तीन विसा. हे तर आपले शेतावरचे गडीसुद्धा सांगायचे. सत्तर म्हणजे 'हाल्फ्येर्स', अर्धा-चौथा वेळा वीस. अर्धा चौथा म्हणजे 'अर्धचतुर्थ', म्हणजे साडेतीन, तुमचा औट! ज्या औटकीला, साडेतीनच्या पाढ्याला, बाबा 'निरुपयोगी घोकंपट्टी' म्हणत आले, ती इथे रोज भाजीच्या दुकानात चालते. नव्वद म्हणजे साडेचार विसा. पंच्याण्णव क्रोनर झाले की दुकानदार म्हणतो, पाच आणि साडेचार विसा. एकक आधी, दशक मागून, अगदी आपल्यासारखं. घड्याळातही 'हाल ट्रे', अर्धे तीन, म्हणजे अडीच.

शेजारच्या आजींना विचारलं, पन्नासला असं का म्हणता? म्हणाल्या, नावच आहे ते. खरंच आहे, अडीच रुपये देताना आपण तरी कुठे अर्धा तिसरा मोजतो? मात्र 'पन्नासावा' म्हणायचं झालं की ते जुनं लांबलचक नाव अख्खं उच्चारावं लागतं. ते म्हणून होईपर्यंत माणूस दमतो.

पुलापलीकडचे स्वीडिश लोक पन्नासला सरळ 'पाच दहा' म्हणून मोकळे होतात आणि यांना हसतात. नॉर्वेची गोष्ट तुम्हाला जास्त आवडेल. तिथेही पूर्वी 'पाच आणि पन्नास' असंच म्हणत. टेलिफोनचे आकडे सांगताना घोटाळे होतात म्हणून संसदेच्या ठरावाने 1951 सालापासून नियम आला, यापुढे 'पन्नास पाच'. शाळेने ऐकलं, रेडिओने ऐकलं. बरीच म्हातारी माणसं आजही जुन्या चालीवरच बोलतात, आणि त्यांचं ऐकून कित्येक तरुणसुद्धा. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीससाठी 'वीस एक' आलं, तेव्हा तुम्ही रागाने दोन दिवस पेपर वाचला नव्हता. तुमच्या बाजूने उभं राहायला अख्खा नॉर्वे तयार आहे, एवढं लक्षात असू द्या.

आता व्याकरण. डॅनिशमध्ये लिंगाप्रमाणे फक्त 'एक' बदलतो, तेवढं आपण सहन करू. आइसलँडमध्ये एक ते चार हे चारही आकडे लिंगाप्रमाणे आणि विभक्तीप्रमाणे बदलतात. दोन पुरुष 'ट्वेइर', दोन बायका 'ट्वाइर', दोन मुलं 'ट्वो'. इथले लोक हे ऐकून कानावर हात ठेवतात. मला काहीच वाटलं नाही. दोघे, दोघी, दोघं म्हणत वाढलेल्या माणसाला कसली भीती? गंमत पुढेच आहे. पुरुष आणि बाई मिळून दोन असतील, तर आइसलँडिकमध्ये नपुंसकलिंग लागतं. आपणही 'ती दोघं आली' म्हणतो, नपुंसकलिंगच! नवरा-बायकोतला तंटा मिटवायला दोन्हीकडे एकच तोडगा निघाला. आजीला पत्र वाचून दाखवताना हा भाग ठेवायचा की गाळायचा, ते तुम्ही ठरवा.

आमच्या चिनूला इथल्या शाळेत आकडे सुरू झाले आहेत. बेचा पाढा तो डॅनिशमध्ये म्हणतो. तुम्ही औटकी वीसपर्यंत तुमच्या अक्षरात लिहून पाठवाल का? 'वीस औटे सत्तर' एकदा पाठ झालं, की वर्गात सत्तरचा अर्थ सांगणारा तो एकटाच असेल, बाईंना धरून.

आजीला सा. न.

तुमची,
मुक्ता