क्योतोत साठीशांत

जपानात माणसाने साठी गाठली की त्याला लाल टोपी आणि बिनबाह्यांची लाल बंडी घालून मधोमध बसवतात. त्यांचं कालचक्र साठ वर्षांनी पुरं होतं, म्हणजे माणूस पुन्हा तान्हा झाला. आणि तान्ह्याला लाल घातलं की इडापिडा टळते. आपली प्रभव ते क्षय ही संवत्सरंही साठच. तेव्हा भाऊजींची साठीशांत मालवणऐवजी क्योतोत झाली तर शास्त्राला बाध येत नाही, असा निवाडा भाचीने दिला. ती ओसाकाला नोकरी करते आणि खर्च तीच करणार होती, त्यामुळे शास्त्रानेही फार ताणून धरलं नाही.

क्योतोतल्या काही जुन्या भोजनगृहांत अनोळखी गिऱ्हाईक घेतच नाहीत. जुन्या गिऱ्हाइकाने शब्द टाकावा लागतो. तो भाचीच्या साहेबांनी टाकला. मग तिने आम्हाला बजावलं: अत्तर लावायचं नाही, रश्श्याचा वास मरतो. काड्या भातात उभ्या खुपसायच्या नाहीत, तसा भात मेलेल्या माणसापुढे ठेवतात. एकाने काडीत धरलेला घास दुसऱ्याने काडीने घ्यायचा नाही, अस्थी तशा उचलतात.

"आम्ही वाढदिसाक चललंव काय बाराव्याक?" भाऊजींनी विचारलं.

क्योतोच्या गिओन भागातल्या त्या घराला पाटीही धड दिसेल अशी नव्हती. दारात जोडे काढावे लागले, आणि ताईने नवे पायमोजे का घ्यायला लावले ते भाऊजींना तिथे कळलं. आत लाकडी ओट्यापलीकडे आचारी, अलीकडे आम्ही.

आपल्याकडे पान पूर्ण वाढून होतं आणि मग हात लावायचा. काइसेकीत, म्हणजे तिथल्या या वाटीमागून वाटीच्या जेवणात, पान वाढलेलं कधी दिसतच नाही. एक वाटी येते, दोन घासांत संपते, ती उचलतात, मग दुसरी. पहिल्या वाटीत युबा होतं, म्हणजे सोयाबीनच्या दुधाची साय. भाऊजींनी ती संपवली आणि लेकीकडे वळले, "गो, भात कधी येतलो?" भात सगळ्यात शेवटी, हे तिने सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला.

मग झाकणाच्या वाडग्यात दाशी आलं. कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि धुरावून सुकवलेल्या माशाच्या कागदासारख्या चकत्या, एवढ्यावर केलेलं हे सार. याच कोंबूतून किकुनाए इकेदा या प्राध्यापकाने 1908 साली चवीचं मूळ शोधून काढलं आणि पुढच्याच वर्षी त्याची पूड बाजारात आली, नाव आजिनोमोटो. "म्हंजे आपल्या चायनीजच्या गाडीवरचा?" भाऊजींनी विचारलं. तोच. पण त्या गाडीवर साठ वर्षांच्या माणसाला कुणी टोपी घालत नाही.

जपानी ताटाच्या सौंदर्याबद्दल, त्या मेपलच्या पानाबद्दल आणि रिकाम्या जागेबद्दल भरपूर लिहून झालंय. मला विचाराल तर खरी कमाल सुरीत आहे. जुलै होता, त्यामुळे हामो मासा होता. आचाऱ्याने तो उघडा करून फळीवर पसरताच भाऊजी अर्धे उठले. "अगो, ही वाम!" आणि ते बरोबर होतं, हामो आणि आपली वाम एकाच कुळातल्या. भाऊजींना बँकेने कधी मॅनेजर केलं नाही, पण मासळीबाजारात त्यांचा शब्द खाली पडत नाही.

या माशात बारीक काटे इतके की काढत बसणं अशक्य. म्हणून ते काढतच नाहीत, कापतात. जड सुरी सर्र सर्र चालते, तीन सेंटिमीटरमध्ये चोवीस काप, आणि खालच्या कातडीला मात्र धक्का नाही. मग तुकडा उकळत्या पाण्यात बुडवला की फुलासारखा उमलतो. वर उमे या आंबट जपानी फळाची चटणी. शीतपेट्या नव्हत्या तेव्हा भर उन्हाळ्यात समुद्रापासून क्योतोपर्यंत जिवंत पोचणारा मासा म्हणजे हा चिवट हामो. म्हणून इथल्या गिओन उत्सवाला हामोचा उत्सवही म्हणतात. भाऊजी सुरीकडे टक लावून बघत होते. मग हळूच म्हणाले, "आमच्याकडे तिखलात घातली असती." आचाऱ्याला भाचीने काय सांगितलं कोण जाणे, पण तो कमरेत वाकला.

अखेर भात आला. शुभकार्याचा म्हणून लाल: चिकट तांदूळ, अझुकीचे दाणे, वर तीळ-मीठ. वाटी मुठीएवढी. भाऊजींनी टोपी सावरली आणि पुन्हा मागितला. मग आणखी एकदा. आचारी खूश झाला. लोणचं न मागता वाढलं.

रात्रीचे माणशी पंचवीस हजार येन पडले, म्हणजे सुमारे चौदा हजार रुपये. बक्षिसी ठेवू नका, घेत नाहीत. शाकाहारी असाल तर जागा राखतानाच सांगा, नाहीतर देवळातलं शोजिन जेवण गाठा. तिथल्या सारात मासा नसतो. आणि खिसा बेताचा असेल तर दुपारी जा. बऱ्याच ठिकाणी दुपारचं जेवण रात्रीपेक्षा पुष्कळ स्वस्त असतं, आणि जुलैत वाम दुपारीही मिळते.