काका, बेसी जाव!

आमच्या घराण्यात उभं राहण्याची परंपरा नाही. आजोबा भुसावळला तिकीटखिडकीत बसले, वडील तहसील कचेरीत बसले, मी बँकेत बसून निवृत्त झालो. त्यामुळे भाच्याने अडाजणच्या घरी पिशवीतून रबरी वळकटी काढून "मामा, ही फुगवायची, हिच्यावर उभं राहायचं आणि वल्हवत जायचं," असं सांगितलं, तेव्हा बसून चालेल का, हे मी आधी विचारून घेतलं.

मी खरं तर सुरतेला पोंकासाठी आलो होतो. थंडीत इथे ज्वारीचा कोवळा हुरडा लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर देतात. ज्या शहराला हे सुचलं, त्याचा किल्ला आणि डचांच्या कबरी नाही पाहिल्या तरी चालतं. मी पाहिल्या, तो भाग वेगळा.

फळी साडेदहा फूट लांब, 32 इंच रुंद. आत 15 पीएसआय दाबाने हवा. मोटारीच्या टायरात याच्या दुप्पट दाब असतो, पण तो हातपंपाने भरायला कुणी पाहुण्याला लावत नाही. मी पंप मारत असताना भाचा मला तमिळनाडूच्या शेखर पचैचे व्हिडिओ दाखवत होता. तो मुलगा या खेळातला राष्ट्रीय विजेता. त्याला पोट नाही.

"गुडघे थोडे वाकव, नजर समोर ठेव. पायांकडे बघायचं नाही." शेवटची सूचना मी न सांगताही पाळली असती, मध्ये पोट येतं.

फळी घेऊन आम्ही सिंगणपोरच्या कॉजवेच्या वरच्या अंगाला गेलो. हा कॉजवे 1995 साली झाला. समुद्राची भरती त्याच्या खाली अडली आणि वरच्या बाजूला तापीचं गोडं पाणी संथ पसरलं. नवशिक्याला असंच पाणी हवं असतं. दुर्दैवाने जलपर्णीलाही असंच पाणी हवं असतं.

आधी गुडघ्यांवर. मग एक पाय. मग, कुलदैवताचं नाव घेऊन, दुसरा. आणि उभा राहिलो की! मुलताईहून निघून आमच्या भुसावळवरून आलेलं पाणी आता माझ्या पायाखाली होतं. ही नदी मी जन्मभर आगगाडीच्या खिडकीतून, बसून पाहिली. उभ्याने केवढी रुंद आहे ती! वल्हं मारलं की पाणी मागे सरकतं, तळव्यांना त्याची थरथर कळते, आणि पेन्शनच्या फायलीतला माणूस पुढे जातो.

किनाऱ्यावर गर्दी झाली होती. 1664 मध्ये महाराज आले तेव्हा सुरतकर शहर सोडून पळाले होते. मी आलो तर शेंगदाणे घेऊन जमले.

"काका, बेसी जाव!" एक ओरडला. "अरे चाचा, बैठ जाओ!" दुसरा. आणि मागून अस्सल खानदेशी आवाज आला, "बठी जा रे भो!" तीन पिढ्यांत पहिल्यांदा कुणीतरी उभं राहिलं होतं, आणि सगळी सुरत तीन भाषांत बसवायला निघाली होती.

मी मान वळवली. तेवढ्यात फळीखालचं फिन जलपर्णीच्या मुळांत अडकलं. फळी थांबली. मी थांबलो नाही.

लाइफ जॅकेटने मला वर आणलं, घोट्याच्या दोरीने फळीला जखडून ठेवलं, डोक्यावर जांभळ्या फुलासकट एक झाड आलं. भाचा हसत होता. ताई हसत नव्हती. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाईतून पाणी सोडलं आणि घराचा खालचा मजला बुडाला, तेव्हा ती या पोराला कडेवर घेऊन गच्चीवर बसली होती. तेव्हापासून ती नदीकाठी आली तरी पाण्याकडे पाठ करून उभी राहते. आज माझ्या चपला सांभाळत तशीच उभी होती. आणि आता माझ्या चपला हातात धरून, साडीसकट, गुडघाभर तापीत उतरली होती.

"ताई, पाणी उथळ आहे," मी म्हणालो.

"मला नको शिकवू. हात दे."

दिला. तिचा हात थंडगार होता आणि पकड जबरदस्त होती. काठावर येईपर्यंत तिने सोडला नाही, मग माझ्या डोक्यावरची जलपर्णी काढून भाच्याला मारली.

"केवढ्याला आणलंस रे हे?"

भाच्याने निम्मी किंमत सांगितली. सुरतेत संसार केलेल्या बाईने ती मनातल्या मनात लगेच दुप्पट करून घेतली.