साडेचार तारे, बाराचा खेळ

महोत्सवी चित्रपटाचं परीक्षण लिहायला काय लागतं? 'संयत', 'तरल', 'अस्वस्थ करणारा' ही तीन विशेषणं, कॅमेऱ्याबद्दल एक आदरयुक्त उसासा आणि शेवटी 'मराठी प्रेक्षक प्रगल्भ कधी होणार?' हा सवाल. मधल्या जागेत चित्रपटाचं नाव भरलं की काम झालं. भाईंदरच्या नवघर रोडवरचा वाचक रविवारी चहाबरोबर हे वाचतो, भारावतो आणि तिकिटं मात्र दुसऱ्याच सिनेमाची काढतो. त्याचं तरी काय चुकलं? तरलता बघायला घरातली चार माणसं घेऊन कोण जाणार?

मे २०२४ मध्ये कान महोत्सवात पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला ग्रां प्री मिळालं. आपल्याकडे आधी गाजल्या त्या टाळ्या. प्रेक्षक म्हणे उभे राहून आठ मिनिटं वाजवत होते. (भाईंदरला विरार गाडीत चढलेल्याला दारातून आत सरकायला याहून जास्त वेळ लागतो, त्याच्यासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही.) मग आली 'महानगरी एकाकीपणाची प्रकाशकविता'.

आता पडद्यावर काय आहे ते पाहू. छाया कदम यांची पार्वती ही रत्नागिरीकडची विधवा, रुग्णालयात स्वयंपाक करते. नवरा गेला, खोली आपली असल्याचा कागद नाही आणि बिल्डर तिला बाहेर काढायला टपलेला. एका रात्री ती आणि तिची मैत्रीण त्याच्या टॉवरच्या होर्डिंगवर दगड भिरकावतात. बिल्डरच्या होर्डिंगशिवाय चौक शोधावा लागेल अशा मीरा-भाईंदरात एवढं एक वाक्य सांगितलं असतं, तर पुनर्विकासाच्या बैठका सोडून अख्ख्या सोसायट्या थिएटरात आल्या असत्या. पण बिल्डर हा शब्द प्रकाशकवितेत बसत नाही.

'साबर बोंडं'चं तसंच. रोहन परशुराम कानवडे यांच्या या चित्रपटाला २०२५ च्या सुरुवातीला सनडान्समध्ये जागतिक कथाचित्रपट विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. तिथवर पोचलेला हा पहिलाच मराठी चित्रपट. पार्श्वसंगीत नाही म्हटल्यावर समीक्षकाच्या लेखणीला पान्हाच फुटतो आणि 'मौनाचं व्याकरण' कागदावर उतरतं. प्रत्यक्षात या चित्रपटातली माणसं चांगली बोलतात. वडील गेले म्हणून आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी जातो आणि नातेवाईक त्याच्या लग्नाचा विषय काढतात. मयताच्या घरी मराठी नातेवाईक मौन पाळून बसल्याचं कोणाच्या ऐकिवात आहे? बालमित्र बाळ्याच्या मागेही लग्नाचाच ससेमिरा. या दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे आणि भोवती सगळे मुली सुचवताहेत. यातला ताण शांतीनगरातल्या कुठल्याही मावशीला सांगून समजेल. व्याकरणाची गरज तिला नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'वर तर सरळ अन्याय झाला. २०१४ साली व्हेनिसला ओरिझोंती विभागात सर्वोत्कृष्ट ठरलेला, पुढे राष्ट्रीय पुरस्कारही मिळवणारा हा चित्रपट किती विनोदी आहे, ही बातमी फार थोड्यांपर्यंत पोचली. लोकशाहिरावर आरोप काय, तर त्याच्या गाण्यामुळे एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली. न्यायाधीश महाराज एका बाईची सुनावणी पुढे ढकलतात, कारण तिच्या पोशाखाला बाह्या नाहीत! सरकारी वकीलबाई सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जातात. रंगमंचावर परप्रांतीयाची खरडपट्टी निघते, प्रेक्षागृह खूश. भाषेच्या वादावरून ८ जुलै २०२५ ला ज्या मीरा रोडवर मोर्चा निघाला, तिथल्या मराठी आणि अमराठी अशा दोन्ही बाजूंना या प्रसंगात आपापलं बरंच काही सापडलं असतं. परीक्षणांनी मात्र त्यांच्या हाती दिली ती 'स्थिर चौकट'.

याच ताम्हाणेंच्या 'द डिसायपल'मध्ये, ज्याच्या पटकथेला व्हेनिसने २०२० मध्ये गौरवलं, गायक शरद एका संगीतसंग्राहक जाणकाराच्या तोंडावर ग्लासभर पाणी फेकतो. जाणकारांना हा प्रसंग थोडा जवळून लागला असेल, तर नवल नाही.

प्रगल्भतेचं दुसरं टोक सरकारी नसलं तरी अधिकृत आहे. २०२४ मध्ये ऑस्करसाठी भारताचा चित्रपट निवडणाऱ्या फिल्म फेडरेशनने 'लापता लेडीज' पाठवला. कपाडियांचा चित्रपट बघताना भारतात घडणारा युरोपीय चित्रपट बघतोय असं निवड समितीला वाटलं, असं फेडरेशनकडून सांगण्यात आलं. लोकल, पाऊस, परिचारिका, रत्नागिरी आणि बिल्डर. युरोप इतका जवळ असेल तर मीरा रोडकरांनी व्हिसाच्या रांगेत उगाच उभं राहू नये.

मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये हक्काचा खेळ मिळावा म्हणून राज्य सरकारने एप्रिल २०१५ मध्ये संध्याकाळी सहा ते नऊचा प्राइम टाइम जाहीर केला. त्यावरून वडापाव विरुद्ध पॉपकॉर्न असं युद्ध पेटलं. मग दोन पावलं मागे येऊन दुपारी बारा ते रात्री नऊ अशी तडजोड झाली. त्याच महिन्यात, १७ एप्रिलला, 'कोर्ट' प्रदर्शित झाला. म्हणजे भर दुपारी बाराचा खेळही कागदोपत्री हक्काचाच. रविवारच्या पुरवणीत समीक्षक विचारतो, चांगल्या सिनेमाचा प्रेक्षक गेला कुठे? बाराच्या खेळाचा प्रेक्षक त्या वेळी अंधेरीच्या ऑफिसात होता. रजा मागायला गेला तर साहेबांनी कारण विचारलं असतं, आणि परीक्षण वाचूनही त्याला ते सांगता आलं नसतं.