डेंगूचा भाव

"काय वं, पऱ्हाट्याच्या कुंपणातून काय डोकावून राहिली? ये ना जवळ."

"काकू, तुमच्या बकरीच्या दुधाचा भाव वाढला म्हणते?"

"वाढीनच ना! पोळा झाला, दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार जत्रा झाली, आता डेंगूचा मोसम. काल सावरगावचा एक माणूस आला गाडीवर. पाव लिटर द्या, म्हणे, मागान तेवढे पैसे देतो. पोट्ट्याच्या प्लेटलेट उतरल्या. एरवी हाच माणूस बकरीच्या दुधाचं नाव काढलं की नाक धरते."

"मग, घेतले दुप्पट?"

"कायचे घेते! नेहमीचाच भाव लावला. पण सांगून टाकलं, बाप्पा, यानं प्लेटलेट वाढते असं काही सिद्ध नाही झालं. डॉक्टरच्या हाताखाली ठेव पोराले. अन् दूध उकळूनच पाज. कच्चं पाजलं तं ब्रुसेलोसिस व्हाची भीती, महिनोन्‌महिने ताप अन् सांधे धरते. हे आपले जनावरांचे डॉक्टर सांगून गेले होते."

"मी दुसऱ्याच कामासाठी आली, काकू. मले साबण करायचा हाये."

"तूही? त्या मागच्या आळीतल्या बाईचं ऐकलं नाही वाटते! मोबाइलवर पाहून कॉस्टिक सोडा आणला, ॲल्युमिनियमच्या गंजात टाकला अन् वरून कोमट दूध ओतलं. फस्सकन उसळलं. दूध करपून नारिंगी झालं, घरभर वास, अन् गंजाचं बूड कायं ठिक्कर! नवऱ्याले सांगितलं, मांजरीनं सांडलं."

"मांजर बिचारी! अवं काकू, त्यांनी उलटंच केलं सगळं. माह्या नणंदेनं शिकवलं मले. ती धाराशिवले राहते, तिकडे उस्मानाबादी बकऱ्यांच्या दुधाचा साबण बाया करतात. दूध आधी फ्रिजरमध्ये बर्फाच्या ट्रेत गोठवायचं. ते चौकोन स्टीलच्या गंजात घेऊन त्यावर सोडा चमचा-चमचा भुरभुरायचा. सोडा पाण्याले लागला की तापतेच. दूध बर्फ असलं म्हणजे त्यातली साखर करपत नाही. सोडा दुधात टाकायचा, दूध सोड्यावर नाही."

"अन् हाताले लागला तं?"

"भाजते! म्हणून रबराचे हातमोजे, डोळ्यावर चष्मा, अंगणात बसून अन् पोट्टे घरात कोंडून. मग ते तेलात ओतून घोटत राहायचं. पिठल्यावाणी दाट झालं, वर रेघ ओढली अन् ती टिकली, की साच्यात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वड्या कापायच्या अन् चार ते सहा आठवडे हवेशीर ठेवायच्या."

"सहा आठवडे! तोवर सांत्रा उतरते झाडावरून."

"घाई केली तं वडी लवकर झिजते. अन् सोडा अंदाजानं नाही, काट्यावर तोलून. अर्धं खोबरेल, अर्धं फल्लीतेल, असं किलोभर तेल घेतलं तं दीडशे ग्रॅमच्या आसपास. तेल बदललं की हिशेब बदलला."

"दूध किती जाते त्यात?"

"तीनशे-साडेतीनशे ग्रॅम. वड्या होतात चौदा-पंधरा."

"म्हंजे किलोभर तेल अन् पावशेराच्या वर थोडंसं दूध! मंग हा तेलाचाच साबण झाला, वं. दूध नावाले."

"नावाचेच तं पैसे देतात लोक, काकू!"

"गोरं करते म्हणे तो?"

"काही नाही करत. दोन मिनिटांत धुतल्या जाते, गोरं कधी करीन? तेल जरासं जास्त ठेवलं तं कातडं ओढल्यावाणी होत नाही, एवढंच."

"हे सांगशील गिऱ्हाइकाले?"

"सांगीन. खाज-गजकर्णाचं औषध म्हणून तं मुळीच नाही विकणार."

"मंग आता माह्यं ऐक. दुधाचा खरा गुण लागते तो पोटात गेल्यावर. बापूंना नाही का, १९१९ मध्ये दुखण्यात कस्तुरबांनीच सुचवलं, की तुमची शपथ गाई-म्हशीच्या दुधाची, बकरीचं तं चालते. मंग सेवाग्रामले आले तेव्हाही बकरीचंच दूध. आपल्या इकडं मात्र बकरी म्हंजे अडीनडीले विकायची. दूध कोणी मोजतच नाही."

"पण वास येते ना, काकू."

"बोकड जवळ बांधला तं येणारच! माह्या बोकडाले मी पार पलीकडे बांधते, सड धुते, अन् काढलं की लगेच चुलीवर. पाहुण्याले चहा दिला, त्याले समजलंही नाही. दही पातळ लागते, चाकूनं कापता येत नाही, पण कढीले बेस्ट. लिंबू पिळून पनीर करते, नरम होते, पोरं भाजीच्या आधीच संपवतात. तूप मात्र विचारू नको. कण बारीक, साय धरतच नाही. जे निघते ते पांढरं फेक. गाईच्या तुपाचा पिवळेपणा कॅरोटीनचा, बकरी त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते."

"सौंसरची माह्यी भावजय विचारत होती, सहा महिन्यांच्या बाळाले बकरीचं दूध देऊ काय? हलकं असते म्हणे."

"नाही म्हणून सांग! वर्षाच्या आत नाही. त्यात फोलेट कमी, निरा त्यावरच ठेवलं तं लेकराचं रक्त कमी होते. अन् गाईचं दूध सोसत नसन, अंगावर चट्टे उठत असन, तं याचेही उठतात बहुतेक. डॉक्टरले विचार म्हणा."

"चेहऱ्याले लावू काय मंग?"

"लाव ना! सांत्र्याच्या वाळल्या सालीची पूड, बेसन, चिमूटभर हळद अन् उकळून थंड केलेलं दूध. आधी मनगटावर लावून पाह्यचं, अन् उरलं तं फेकायचं. बरणीत भरून विकशील तं दोन दिवसांत आंबीन."

"ते नाही विकत. साबणच विकीन, जामसावळीले. मंगळवारी-शनिवारी मारुतीच्या दर्शनाले किती गर्दी राहते!"

"परवाना काढला काय? आंघोळीचा साबण म्हंजे कायद्यात कॉस्मेटिक, तो करून विकाले लायसन लागते. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, आता चौकशीले छिंदवाड्याले नाही पळा लागत, इथंच विचार."

"विचारते. तोवर घरी अन् नातलगांत वाटीन. पण दूध तुम्ही द्यान ना?"

"माह्यी वऱ्हाडी बकरी देते किती? पिल्लं प्याले की सांजसकाळ मिळून अर्धा लिटर. पहिला हिस्सा नातीच्या कपात, मंग कढी. उरन ते तुह्या फ्रिजरात, दोन-चार दिवसांत जमीन तीनशे ग्रॅम."

"भाव कोणता, काकू? डेंगूचा?"

"भाव नको. दूध माह्यं, तेल तुह्यं, अर्ध्या वड्या माह्या."

"अर्ध्या? आत्ताच तं म्हणाल्या ना, साबण तेलाचा, दूध नावाले!"

"अन् तूच म्हणाली ना, नावाचेच पैसे मिळतात!"