बॅकग्राउंड काळं

आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दुपारी दोन ते चार मिक्सर लावायला बंदी आहे. नियम सोसायटीचा नाही, अप्पांचा आहे. मिक्सरची मोटर फिरताना कार्बनच्या ब्रशपाशी ठिणग्या पडतात, ठिणग्यांचा कचरा वायरींतून घरोघर पोचतो आणि त्यातला अप्पांच्या वाट्याचा कचरा थेट अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आलापात जाऊन पडतो. समोरच्या बिऱ्हाडातल्या नव्या सुनेला त्यांनी हे पहिल्याच आठवड्यात आकृती काढून समजावलं. तिनं "बरं काका" म्हटलं, आकृतीची घडी डब्यांच्या फळीवर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून चटणी पावणेदोनला वाटायला घेतली. ती सव्वादोनपर्यंत वाटते.

यातलं विज्ञान खरं आहे, हीच तर पंचाईत. अप्पा खोटं असं काही बोलतच नाहीत. ठिणग्या पडतात, कचरा वायरींतून जातो, सगळं खरं. फक्त तो किती जातो, हा प्रश्न ते कधी विचारत नाहीत. त्यांचं भौतिकशास्त्र पक्कं आहे, अंकगणित कच्चं.

मी पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, हा माझा अपराध. त्यापायी महिन्यातून दोनदा तरी "अरे, जरा येऊन जा" असं बोलावणं येतं. जावं तर अप्पा सोफ्यावर मध्यभागी, कानशिलावर बोट, डोळे मिटलेले. ते गाणं ऐकतायत असा नव्या माणसाचा समज होतो. मीही आधी बोलायचा थांबत असे. मग डोळे उघडून अप्पा म्हणायचे, "ऐकलंस? बॅकग्राउंड कसलं काळं झालंय!"

गाण्याचा वेडा आणि ऑडिओवाला यांतला फरक इथं कळतो. गाणं ऐकणारा सम आली की मान डोलावतो. ऑडिओवाला दोन सुरांच्या मधल्या शांततेला दाद देतो. ती शांतता जितकी गडद, तितकं बॅकग्राउंड काळं. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या, त्यात पाच-सहा हजार हर्ट्‌झच्या वर फारसं काही टिपलेलंच नाही, आणि कांदा परतत असल्यासारखी खरखर पहिल्यापासून शेवटपर्यंत सोबतीला. त्या खरखरीमागचं बॅकग्राउंड काळं करण्यावर अप्पांनी आजवर किती खर्च केला, ते काकूंना ठाऊक नाही. मला आहे, आणि मी हा लेख काकूंच्या हाती लागेल या भीतीनं आकडा लिहीत नाही.

माणूस असा एका दिवसात होत नाही. अप्पांना हे वळण शनिवारातल्या वाड्यात लागलं. माडीची जमीन लाकडी. घरात कुणी जरा पाय आपटत गेलं की टर्नटेबलची सुई टुणकन उडायची. पाहुणे आले की ख्याल द्रुतात जायचा. सुईपासून निघणारा सिग्नल जेमतेम पाच मिलिव्होल्टचा, तो ॲम्प्लिफायर शेकडो पटींनी मोठा करणार, म्हणजे सुईच्या सोबत जमिनीचा थरथराटही मोठा होणार. अप्पांनी काय केलं, जमीन सोडली आणि भिंत धरली. दोन लोखंडी ब्रॅकेट, वर कडप्पाची लादी, लादीखाली अर्ध्या कापलेल्या स्क्वॉशच्या चेंडूंच्या चार वाट्या. खर्च नगण्य. सुई उडायची थांबली. वाड्यातली मुलं मुद्दाम उड्या मारून खात्री करून गेली. तो खरोखरीचा उपाय होता, आजही कुणी विचारलं तर मी तोच सांगेन. पण पहिल्याच डावात जिंकलेला जुगारी आणि पहिल्याच उपायात यश आलेला ऑडिओवाला, दोघांचं पुढचं आयुष्य घरच्यांनाच भोगावं लागतं.

वाडा पडला, फ्लॅट आला. जमीन सिमेंटची झाली, टर्नटेबल कोपऱ्यात गेलं, गाणी संगणकावर आली. चेंडू मात्र तसेच राहिले. आता ते डॅकखाली आहेत. डॅक म्हणजे संगणकातल्या आकड्यांचा आवाज करणारी डबी. तिच्यात सुई नाही, चाक नाही, पट्टा नाही. हलण्यासारखं काहीच नाही. अशा वस्तूला थरथरीपासून वाचवणं म्हणजे भिंतीवरच्या फोटोला सीटबेल्ट लावणं. मी एकदा तसं म्हणालो. अप्पांनी ठरवलं, चेंडू हलके पडतायत. त्यांच्या जागी स्प्रिंगचे पाय आले.

पुढे लिनिअर पॉवर सप्लाय आला. डॅकबरोबर साधा काळा अडॅप्टर येतो, मोबाइलच्या चार्जरच्या जातीचा. तो विजेचे सेकंदाला हजारो बारीक तुकडे करून हवा तो व्होल्टेज जमवतो. अप्पांच्या मते हे तुकडे आवाजात उतरतात. म्हणून त्याच्या जागी सात किलोचा डबा. आत जाडजूड ट्रान्सफॉर्मर, उसाच्या कांड्यांएवढे कपॅसिटर, पुढे निळा दिवा. डबा उचलून दाखवताना अप्पांच्या चेहऱ्यावर जावई दाखवावा तसा भाव होता.

माझी अडचण अशी, की डॅक मी उघडून पाहिला आहे. बाहेरून आलेले पाच व्होल्ट आत गेल्या गेल्या तीन छोटे रेग्युलेटर पुन्हा गाळून घेतात. त्यापुढे आवाजाच्या वाटेवर जी चिप बसते, समजा बाजारात पाच-पंचवीस रुपयांना मिळणारी एनई ५५३२, ती पुरवठ्यातली गडबड कमी कंपनसंख्येला साधारण शंभर डेसिबलनं दाबते. म्हणजे एक लाखाने भागते. पर्वतीच्या जलकेंद्रातून गाळलेलं पाणी आलं, घरी फिल्टरमधून पुन्हा गाळलं, आणि अप्पा पेल्याच्या तोंडाला फडकं बांधतायत. अडॅप्टर अगदीच भिकार असेल, किंवा डॅक बनवणाऱ्यानं आतली गाळणी वाचवली असेल, तर डब्यानं फरक पडतो. तो मोजताही येतो. पण तसा डॅक घेतलाच असेल तर सात किलोच्या डब्याऐवजी बरा डॅक घ्यावा.

"अरे, त्या अडॅप्टरचा आवाज साठ-सत्तर हजार हर्ट्‌झचा असतो," अप्पा म्हणाले.

"अप्पा, माणसाला वीस हजारांच्या वर ऐकू येत नाही. तुमच्या वयाला दहा-बाराच्या वर नाही. तो ऐकायला वटवाघूळ आणावं लागेल."

"ऐकू येत नाही रे. जाणवतं."

या वाक्यापुढे माझी पदवी चालत नाही. तरी मान्य करायला हवं, की असा उंचावरचा कचरा बेजबाबदार सर्किटमध्ये शिरला तर खाली ऐकू येण्याजोग्या पट्टीत उतरू शकतो. मी हे अप्पांना सांगितलेलं नाही. त्यांना कळलं तर आणखी एक डबा येईल.

विजेच्या जातीही अप्पांना कळतात. रात्री दोनच्या पुढची वीज मऊ, कारण ती कोयनेची. दिवसाची खरखरीत, कारण ती चंद्रपूरच्या कोळशाची. कोयना मुळात गर्दीच्या वेळेला धावून जाणारी बाई आहे. मागणी चढली की तिला बोलावतात, मध्यरात्री सगळं निवांत असताना कशाला उठवतील? शिवाय २०१३ च्या ३१ डिसेंबरला रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली आणि दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाला मिळालं. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकाच ठेक्यात पन्नास हर्ट्‌झ चालतंय. त्यातून कोयनेचे इलेक्ट्रॉन वेगळे काढायचे म्हणजे मिसळीतून मटकी शोधून तिचं शेत विचारायचं. अप्पांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणूनच जपानमध्ये लोक स्वतःचा खांब लावतात." दुर्दैवानं हेही खरं आहे. तिथल्या काही शौकिनांनी फक्त आपल्या स्टिरिओसाठी घराबाहेर विजेचा खांब आणि ट्रान्सफॉर्मर बसवून घेतला, त्याच्या बातम्या २०१६ साली जगभर छापून आल्या होत्या. कात्रण अप्पांच्या पाकिटात आहे. आमच्या इमारतीच्या आवारात पार्किंगची एक जागा रिकामी आहे, तिकडे ते हल्ली फार वेळा बघतात.

मागच्या दिवाळीत काकूंनी दिवाणखाना झाडायला काढला. सात किलोचा डबा एकटीला उचलेना, म्हणून त्यांनी तो तिथंच ठेवला, पण त्याची पिन काढून डॅकला जुना अडॅप्टर लावून टाकला. डब्याचा निळा दिवा जळतच होता. त्यानंतर तीन आठवडे अप्पा जो येईल त्याला डब्याची करामत ऐकवत होते. तानपुऱ्याच्या तारा मोजता येतात म्हणाले. मी मागे वाकून पाहिलं तेव्हा हा घोळ लक्षात आला. सांगावं की नाही, यावर एक रात्र काढली. शेवटी सांगितलं. अप्पा पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग अडॅप्टर हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "चार महिने त्याच्या शेजारी होता ना. सत्संग."

पण मला एक गोष्ट कबूल करायची आहे. अप्पांचा कान खोटा नाही. एकदा सकाळी त्यांनी बोलावलं, गाणं बंदच, पण ॲम्प्लिफायर चालू केला की त्याचा ट्रान्सफॉर्मर घुं घुं करायचा, आणि रोज फक्त सव्वानऊला. मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी आठवडाभर वहीत वेळा लिहिल्या होत्या. सव्वानऊला त्यांची मुलगी ऑफिसला निघण्याआधी केस वाळवते, ड्रायर कमी वेगावर. आणि काही ड्रायर कमी वेगावर विजेची अर्धीच लाट वापरतात. मग घरातल्या वायरींमधली लाट किंचित एका बाजूला कलते, आणि गोल ट्रान्सफॉर्मरला तेवढं कललेलंही सोसत नाही, तो घुमायला लागतो. मी हे पुस्तकात शिकवतो. ते प्रत्यक्ष पकडणारा मी आजवर एकच माणूस पाहिला, तो सोफ्यावर बसून. उपाय? ड्रायर जोरात लावायचा. मुलीनं लावला. अप्पांना तो उपाय फार हलका वाटला.

या गणपतीनंतरची गोष्ट. नवा टीव्ही आला आणि त्याचा आवाज अप्पांनी आपल्या स्पीकरना जोडला. त्या दिवसापासून सगळ्यावर एक हम. गाणं लावा, बातम्या लावा, काहीही न लावा, हम आहेच. अप्पांनी आधी विजेचा फिल्टर आणला. मग यूएसबीचा आयसोलेटर. मग राउटर आणि संगणकाच्या मधे नेटवर्कचा आयसोलेटर, जो मुळात नेटवर्कच्या प्रत्येक तारेच्या टोकाला कारखान्यातूनच ट्रान्सफॉर्मरच्या रूपानं बसवलेला असतो. हम हलेना. तपकीर गल्लीतल्या दुकानदारानं अप्पांना चहा पाजायला सुरुवात केली होती.

मी गेलो तेव्हा ते खचले होते. म्हणालो, "अप्पा, बॅकग्राउंड वगैरे सोडा. हा कुठल्या सुरात आहे?"

त्यांनी डोळे मिटले. या वेळी बोट कानशिलावर नव्हतं. हलकेच गुणगुणून पाहिलं आणि म्हणाले, "पांढरी पाच. किंचित चढी. पण खर्जातली रे, अगदी तळातली."

पांढरी पाच तळात सुमारे एकोणपन्नास हर्ट्‌झ. किंचित चढी म्हणजे पन्नास. एक सप्तक वर असता, शंभर, तर सप्लायमधल्या कपॅसिटरवर संशय घेतला असता. पन्नास म्हणजे अर्थिंगचा फेरा. केबलची तार गच्चीवरून आपली वेगळी जमीन घेऊन येते, ॲम्प्लिफायर भिंतीतून आपली, आणि दोन जमिनींमधला तो जरासा फरक टीव्हीच्या तारेतून स्पीकरपर्यंत चालत येतो. मी टीव्हीमागची केबलची पिन उपटली. हम गेला. पंखा ऐकू यायला लागला.

टीव्ही आणि डॅक यांच्यामधली तांब्याची तार काढून तिथं ऑप्टिकल केबल लावायची, बस. प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे कुणाची जमीन कुणाला भेटत नाही. किंमत तीनशे रुपये. अप्पा माझ्याकडे अविश्वासानं बघत होते. "तीनशेची? जरा बरी नाही मिळत?"

लावली. केबलची पिन परत बसवली. शांतता. खाँसाहेबांचा जोगिया लागला आणि मला प्रथमच अप्पांचा हात मांडीवर ठेका धरताना दिसला. पूर्ण तबकडी संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांनीही ऐकलं. मी चप्पल घालून हळूच निघालो, म्हटलं आता महिनाभर तरी सुटलो.

चौथ्या दिवशी रात्री साडेअकराला फोन. "अरे, जरा येऊन जा. हम गेल्यापासून मागे आणखी एक ऐकू यायला लागलंय. आधी त्याच्याखाली झाकलेलं होतं."

गेलो. दिवाणखान्यात दिवे मालवलेले, स्टिरिओ बंद. अप्पा पायजम्यावर, कान पुढे करून, स्वयंपाकघराच्या दिशेनं एक-एक पाऊल टाकत होते. फ्रिजसमोर काकू उभ्या होत्या. दोन्ही हात पसरून.