दातांपेक्षा जात मोठी

मालवणच्या जेटीवर मासळीच्या लिलावाच्या वेळी एक काळा सुणो, म्हणजे कुत्रा, असतो. डावा कान फाटका, आजवर दोघांच्या पोटऱ्या धरलेला. तरी कायद्याच्या नजरेत तो निर्मळ, कारण त्याला जातच नाही.

मासळी आणि कुत्री ज्या एकाच केंद्रीय मंत्रालयाकडे आहेत, त्याने १२ मार्च २०२४ ला राज्यांना पत्र धाडून २३ जाती धोकादायक ठरवल्या. पिटबुल, रॉटवायलर होतेच. 'टेरियर' हा अख्खा गोतावळाही होता, मग त्यातला एखादा मांडीवर मावणारा का असेना. शिवाय 'बॅनडॉग'. (नावातच बंदी, खात्याचे काम सोपे!) महिनाभरात, १० एप्रिलला, कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केले, कारण संबंधितांना विचारलेच नव्हते. तरी २०२५ मध्ये गोवा विधानसभेने 'हिंस्र' जातींना आळा घालणारे विधेयक मंजूर केलेच. म्हणजे महाराष्ट्राकडच्या बांद्यात गुणी असलेला रॉटवायलर गोव्याचा पत्रादेवी नाका ओलांडताच गुंड.

साखळीला बांधून उपाशी ठेवणाऱ्या मालकांची यादी मात्र त्या पत्राला जोडलेली नव्हती.

बांगडे निवडणाऱ्या मावशीला विचारलं, "हा चावतो का गं?"

"दगड मारल्यार चावता. तुमच्या हातात काय आसा?"